कुणबीण ते घरेलू कामगार : मोल कशाचं ठरलं?



मी शहाडहून बोलतेय. शहाड, मोहने, म्हारळ, वरप या पट्ट्यात मी बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आमच्या गटांत धुणं-भांडी, केर-लादी करायला जाणाऱ्या बायका आहेत, आणि ज्यांच्या घरी कामाला बाई येते अशाही आहेत. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, की गप्पा हटकून एकाच विषयावर येतात. एक म्हणते, "पोरगं तापाने फणफणलं होतं, दोन दिवस खाडा झाला, तर पगार कापला." दुसरी म्हणते, "न सांगता दांडी मारतात, मग मी डबा करू की ढीगभर भांडी घासू?" एक म्हणते, "ठरली होती भांडी आणि लादी, आता पंखे, जाळ्या, पाहुण्यांची भांडी, सगळं माझ्याच गळ्यात." त्यावर उत्तर येतं, "घरच्यासारखं ठेवतो आम्ही, मग थोडं जास्त केलं तर काय बिघडलं?"

दोघींचं ऐकताना मला नेहमी वाटतं, हे भांडण या दोघींनी सुरू केलेलं नाही. ते फार जुनं आहे. म्हणून आज सल्ला शेवटी देते, आधी थोडा इतिहास सांगते.

पेशवाईपासून सुरुवात करू. त्या काळच्या कागदपत्रांत 'कुणबीण' हा शब्द वारंवार येतो. कुणबी समाजातली स्त्री असा त्याचा अर्थ तिथे नाही. कुणबीण म्हणजे दासी, विकत घेतलेली बाई. दळण-कांडण, शेणगोठा, पाणी, धुणं, मोठ्या वाड्यांतलं आणि किल्ल्यांवरचं कष्टाचं काम या बायका करत. त्यांच्या खरेदी-विक्रीच्या, किमतीच्या नोंदी पेशवे दफ्तरात आहेत. दुष्काळात पोटासाठी विकली गेलेली, किंवा बदकर्माचा ठपका ठेवून सरकारने पकडलेली बाई कुणबीण व्हायची. तिला पगार नव्हता, कारण तिचं काम विकत घेतलेलंच नव्हतं. विकत घेतली होती ती स्वतः. मग अमुक काम माझं आणि तमुक माझं नाही, असं ती कुठल्या तोंडाने म्हणणार?

१८४३ मध्ये इंग्रज सरकारने कायदा केला आणि माणसावर मालकी हक्क सांगणारा दावा कोर्टाने मानू नये असं ठरलं. पुढे १८६० च्या दंड संहितेत गुलाम म्हणून माणूस विकत घेणं हा गुन्हा झाला. कागदावर कुणबीण संपली. पण घरात राबणारं माणूस म्हणजे अख्खं आपलं माणूस, ही सवय कागदावर नव्हती. त्यामुळे ती कायद्याने गेली नाही.

नंतर मुंबई वाढली. कोकणातून, विशेषतः रत्नागिरीकडून, तरुण पोरं बोटीने मुंबईला यायची. कुणी गिरणीत लागायचा, कुणी गोदीत, तर कुणी कुणाच्या तरी घरी गडी म्हणून. मुंबईत या गड्याला सरसकट 'रामा' म्हणत. त्याचं खरं नाव गणू असो की धोंडू, घरात तो रामाच. दोन वेळचं जेवण, जुने कपडे, व्हरांड्यात किंवा जिन्याखाली झोपायला जागा आणि हातावर थोडे रुपये, एवढ्यावर तो राहायचा. त्याला पगार होता आणि नोकरी सोडून जायची मोकळीकही होती. म्हणजे कुणबिणीपेक्षा तो एक पायरी वर आला. पण त्याचा दिवस कधी सुरू होतो आणि कधी संपतो, हे ठरलेलं नव्हतं. रात्री अकराला पाहुणे आले तरी रामानेच उठायचं. मोल माणसावरून वेळेवर आलं, पण ती वेळ चोवीस तासांची होती.

तिसरी पायरी आली ती मोलकरणीची. या शब्दाकडे जरा नीट बघा. मोलाने काम करणारी ती मोलकरीण. आज आपल्याला तो शब्द हलका वाटतो, पण त्याच्या पोटात मोठी गोष्ट आहे. ही बाई घरात राहत नाही. ती येते, ठरलेलं काम करते आणि स्वतःच्या घरी जाते. भांड्यांचे वेगळे, धुण्याचे वेगळे, केर-लादीचे वेगळे असा दर लागू लागला. घरं लहान झाली, ब्लॉकमध्ये गड्याला झोपायला जागा उरली नाही, नळ घरात आल्यावर पाणक्या गेला, आणि तास-दोन तासांचं काम बायकांकडे आलं. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून कितीतरी कुटुंबं पुण्या-मुंबईत आली. १९८२ च्या गिरणी संपानंतर कामगारांच्या घरच्या बायका मिळेल त्या कामाला बाहेर पडल्या. आपल्याकडेही मोहन्याची एनआरसी कंपनी बंद पडल्यावर काय झालं, ते इथल्या जुन्या बायकांना विचारा. नवऱ्याचा पगार थांबला की दुसऱ्याच्या घरचं भांडं हातात येतं.

कामं वेगळी मोजली जाऊ लागली, तरी जात काही दाराबाहेर राहिली नाही. स्वयंपाकाला एक बाई, भांड्यांना दुसरी आणि संडास-बाथरूमला तिसरी, ही वाटणी कुणी आणि कशावरून केली ते आपल्याला ठाऊक आहे. वेगळा कप, वेगळी लिफ्ट, "आमचं बाथरूम वापरू नको" हे सांगणं, ही त्याच जुन्या रेषेची नवी रूपं आहेत. कामाची सीमा ठरवणं चांगलं, पण माणसाच्या स्पर्शाला घातलेली सीमा ही वेगळी आणि वाईट गोष्ट आहे. या दोन्हींची गल्लत करू नये.

आता १९८० मध्ये येऊ, पुण्यात. त्या वर्षी तिथल्या मोलकरणींनी संप केला. कुणा मोठ्या पुढाऱ्याने हाक दिली नव्हती. एका भागातल्या बायकांनी काम थांबवलं, ते बघून दुसऱ्या भागातल्यांनी थांबवलं, आणि मोर्चे निघाले. पगारवाढ हवी आणि भरपगारी सुट्टी हवी, ही त्यांची मुख्य मागणी होती. त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. त्याच सुमारास नागपुरात संस्कृतच्या प्राध्यापक रूपा कुलकर्णी यांनी विदर्भातल्या मोलकरणींना संघटित करायला सुरुवात केली. १९८५ पासून सिस्टर जेन डेव्होस यांच्या पुढाकाराने घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ उभी राहिली, ती मुंबईतही रुजली.

पुण्याच्या संपात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सुट्टीची मागणी. खाडा आणि सुट्टी हे दोन शब्द शेजारी ठेवून बघा. दोन्हींत बाई कामावर येत नाही. पण खाडा हा तिचा गुन्हा असतो आणि सुट्टी हा तिचा हक्क. ऑफिसात, कंपनीत, शाळेत सुट्टी असते. घरकामात मात्र खाडाच असायचा. त्या बायकांनी रस्त्यावर येऊन सांगितलं, की आम्हीही आजारी पडतो, आमच्याही घरी लग्नकार्य, मयत, मुलांच्या परीक्षा असतात. आज बऱ्याच घरांत महिन्याला दोन सुट्ट्या आणि दिवाळीला बोनस दिला जातो. हे कुणाच्या मनाच्या मोठेपणातून आपोआप आलेलं नाही. त्यामागे अशा संघटनांची कित्येक वर्षांची मेहनत आहे.

कायदा मात्र फार हळू आला. संसदेत १९५९ मध्येच घरकामगारांच्या कामाच्या अटींसाठी खासगी विधेयक आलं होतं. कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, वर्षाची रजा, सगळं त्यात होतं. ते मंजूर झालं नाही. कर्नाटकाने २००४ मध्ये घरकामाला किमान वेतन लावलं. आपल्या राज्यात महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ झाला आणि 'मोलकरीण' सरकारी कागदावर 'घरेलू कामगार' झाली. हा बदल लहान नाही. मात्र हा कायदा कल्याणाचा आहे. १८ ते ६० वयाच्या कामगारांची नोंदणी आणि त्यांना मदत, हे त्यात आहे. पगार किती, तास किती, सुट्ट्या किती, हे तो ठरवत नाही.

१६ जून २०११ रोजी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी करार क्रमांक १८९ स्वीकारला. म्हणून १६ जून हा दिवस जगभर घरकामगारांचा दिवस म्हणून पाळतात. भारताने तो करार अजून स्वतःला लागू करून घेतलेला नाही. २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला, त्यात घर हेसुद्धा कामाचं ठिकाण धरलं आहे. घरकाम करणारी बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. हे आपल्या गटातल्या प्रत्येकीला माहीत असायला हवं. आणि २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी वेगळा कायदा हवा का, हे समिती नेमून तपासायला केंद्र सरकारला सांगितलं.

म्हणजे आजघडीला आपल्याकडे पगार, वेळ आणि सुट्टी या तिन्ही गोष्टी ठरतात त्या दारातच, दोन बायकांच्या बोलण्यावर. म्हणून ते बोलणं नीट झालं पाहिजे.

कुणबीण, गडी, मोलकरीण, घरेलू कामगार या सगळ्या प्रवासात एकच गोष्ट हळूहळू घडत गेली. काम माणसापासून सुटं झालं. आधी माणूस विकत मिळायचा, मग त्याचा अख्खा दिवस, मग ठरलेलं काम. "थोडं जास्त केलं तर काय बिघडलं" असं आपण म्हणतो, तेव्हा नकळत दोन पायऱ्या खाली उतरतो. थोडं जास्त जरूर सांगावं, पण त्याचे थोडे जास्त पैसेही सांगावेत. आणि 'घरच्यासारखी' हा शब्द जपून वापरावा. घरच्या माणसाला ताप आला तर आपण त्याचा खाडा कापत नाही. बाईला घरची म्हणायचं ते जास्तीच्या कामापुरतं, आणि पगाराच्या दिवशी परकी करायचं, हे बरोबर नाही.

दुसऱ्या बाजूनेही बोलायला हवं. मोल कामाचं आहे, तर कामही मोलाप्रमाणे झालं पाहिजे. सुट्टी हक्काची आहे, पण ती आदल्या दिवशी सांगून घ्यावी. अचानक अडचण आली तर सकाळी एक फोन करावा. काम सोडायचं असेल तर महिनाभर आधी कळवावं, आणि समोरच्या ताईनेही काढायचं असेल तर तेवढीच मुदत द्यावी. घरातलं घरात ठेवावं, एका मजल्यावरची गोष्ट दुसऱ्या मजल्यावर नेऊ नये. ज्या ताई नोकरीसाठी सकाळची लोकल पकडतात, त्यांचा अख्खा दिवस त्या एका तासाच्या कामावर उभा असतो, हेही लक्षात ठेवावं.

आमच्या गटात आम्ही एक साधा कागद सुचवतो. काम सुरू करताना पाच गोष्टी लिहायच्या : कोणती कामं, किती वाजता, पगार किती आणि कोणत्या तारखेला, महिन्याच्या भरपगारी सुट्ट्या किती, आणि उचल घेतली तर ती दरमहा किती कापायची. पाहुणे आले किंवा दिवाळीची साफसफाई निघाली तर वेगळे किती, ते खाली लिहायचं. दोन प्रती, दोघींच्या सह्या. उचलीचा हिशेब तोंडी राहिला, की तिथून खटके उडायला लागतात. वर्षातून एकदा, साधारण दिवाळीच्या सुमारास, तो कागद काढून पगाराबद्दल बोलायचं.

आणि शेवटचं सांगणं, ज्यांच्या घरी बाई येते त्या ताईंना. कल्याण मंडळात नाव नोंदवायला, ही आमच्या घरी काम करते, असं घरमालकाचं प्रमाणपत्र लागतं. पुष्कळ जणी त्यावर सही करायला घाबरतात. उद्या काही गळ्यात पडेल असं वाटतं. मी आत्ताच सांगितलं, हा कायदा तुमच्यावर पगाराचा आकडा लादत नाही. पण ती सही नसली तर काय होतं, ते आपण बघितलं आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सोसायट्यांची फाटकं बंद झाली, लोकल बंद झाली, कितीतरी जणींचा पगार थांबला. २०२१ मध्ये सरकारने घरेलू कामगारांना १,५०० रुपयांची मदत जाहीर केली, ती नोंदणी असलेल्यांसाठी. ज्यांनी वर्षानुवर्षं भांडी घासली पण ज्यांच्या हातात कागद नव्हता, त्या त्या यादीत नव्हत्या.

कुणबिणीचं नाव दफ्तरात किमतीसाठी लिहिलं जायचं. रामाचं खरं नाव कुणी विचारलंच नाही. आपल्या घरी येणाऱ्या बाईचं पूर्ण नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर उद्या विचारा, आणि तिने अर्ज आणला की त्यावर सही करा.