पुष्पोद्गमाचे नियमन व पीकसुधारणा

पुष्पोद्गमाचे नियमन : प्रकाश, अंधार व तापमान यांत कृत्रिम फेरफार करून पिकास नेहमीच्या ऋतूआधी वा ऋतूबाहेर फुलोरा आणण्याची क्रिया. हिचा प्रमुख उपयोग नवीन वाण लवकर सिद्ध करण्याकडे होतो. दोन वाणांचा संकर केल्यावर गुण स्थिर झालेला शुद्ध वंशक्रम हाती येण्यास पाच-सहा पिढ्या लागतात. वर्षाला एकच पिढी मिळाल्यास शेतावरील चाचण्या धरून दहा-बारा वर्षे सहज जातात.

ही अडचण तुरीच्या बाबतीत विशेष जाणवते. बुलढाणा जिल्ह्यात तूर पूर्वापार कपाशी व ज्वारी यांच्या ओळींत आणि अलीकडे सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून घेतात. जूनच्या अखेरीस या जिल्ह्यात दिवस सुमारे 13 तास 20 मिनिटांचा, तर डिसेंबरच्या अखेरीस सुमारे 10 तास 50 मिनिटांचा असतो. पारंपरिक तूर लहान दिवसांत फुलणारी असल्याने पावसाळाभर ती केवळ वाढते आणि दिवस आखडू लागल्यावर फुलते. उशिरा पेरलेली तूर बुटकी राहते, पण फार मागे न पडता फुलोऱ्यावर येते, हे शेतकऱ्यांच्या नित्य अनुभवातले आहे. परतीचा पाऊस हुकला की फुले व कोवळ्या शेंगा जमिनीतील उरल्यासुरल्या ओलीवर पोसाव्या लागतात. हलक्या जमिनीत ती ओल लवकर संपते. त्यामुळे लवकर पक्व होणारे आणि मर रोगास दाद न देणारे वाण ही येथील खरी गरज होय.

या वर्तनाचा शास्त्रीय उलगडा अमेरिकेत गार्नर व ॲलर्ड यांनी 1920 मध्ये केला. ‘बिलॉक्सी’ जातीचे सोयाबीन त्यांनी काही दिवसांच्या अंतराने पेरले, तरी सर्व पेऱ्यांना फुले जवळजवळ एकाच सुमारास आली. दिवसाच्या लांबीला वनस्पती देत असलेल्या या प्रतिसादास दीप्तिकालिता हे नाव मिळाले. पुढे 1938 मध्ये हॅमनर व बॉनर यांनी शंकेश्वर या तणावर प्रयोग केले आणि खरे नियामक दिवस नसून अखंड रात्र आहे, असे दाखविले. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा प्रकाश पडला तरी फुलोरा टळतो. थंडीचा परिणाम गास्नर यांनी 1918 मध्ये अभ्यासिला होता. त्यावरून निघालेल्या वासंतीकरणाच्या तंत्राचा रशियात लिसेंको यांनी गाजावाजा केला, मात्र अशा रीतीने मिळविलेले गुण आनुवंशिक होतात हा त्यांचा दावा टिकला नाही.

पिढ्यांची गती वाढविण्याचा पहिला मोठा प्रयत्न दिव्यांविनाच झाला. नॉर्मन बोर्लॉग यांनी 1945 नंतर मेक्सिकोत सोनोरा व टोलुका या भिन्न अक्षांशांच्या आणि उंचीच्या ठिकाणी आळीपाळीने गहू पेरून वर्षाला दोन पिढ्या घेतल्या. यातून दिवसाच्या लांबीस न जुमानणारे गहू आपोआप निवडले गेले; हा लाभ मूळ हेतूपेक्षाही मोठा ठरला. यानंतर ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातील संशोधकांनी इतरांच्या सहकार्याने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत दररोज 22 तास प्रकाश देऊन गहू, सातू व हरभरा यांच्या वर्षाला सहापर्यंत पिढ्या घेतल्या. हरभरा हे बुलढाण्याचे प्रमुख रब्बी पीक असल्याने या पद्धतीचे महत्त्व येथे उघड आहे.

तुरीला व सोयाबीनला मात्र ही युक्ती चालत नाही, कारण अखंड प्रकाशात त्या केवळ वाढतच राहतात. जर्मनीतील होहेनहाइम विद्यापीठात 2020 मध्ये दिवसाला 10 तासांचाच, पण निळ्या रंगाचे प्रमाण वाढविलेला प्रकाश देऊन सोयाबीनच्या वर्षाला पाचपर्यंत पिढ्या मिळविता आल्या. तुरीची वाट अधिक बिकट होती. तिच्या फुलांत कीटकांद्वारे परपरागणही होत असल्याने झाडे जाळीखाली जपावी लागतात. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे 1972 मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने शेंगा पूर्ण वाळण्याची वाट न पाहता कोवळे बी रुजविणे व प्रकाशाचे नियमन करणे यांची सांगड घातली. संस्थेने 2024 मध्ये जाहीर केलेल्या तुरीच्या पद्धतीत वर्षाला चारपर्यंत पिढ्या मिळतात. दिवसाच्या लांबीस व उष्णतेस न जुमानणारा, सुमारे 125 दिवसांत पक्व होणारा ‘आयसीपीव्ही 25444’ हा वाण 2025 मध्ये पुढे आला. तुलनेसाठी सांगावयाचे, तर बुलढाण्यास लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या संशोधन केंद्राचा ‘बीडीएन 711’ (2012) हा लवकर येणारा वाणही सुमारे 150 ते 155 दिवस घेतो.

दिव्याखाली पिढ्या वाढविता येतात. शेतावरील चाचण्यांचे हंगाम मात्र कमी करता येत नाहीत. पूर्णेच्या खोऱ्यातील भारी काळी जमीन व घाटावरची हलकी जमीन यांत एकाच वाणाचे वर्तन वेगळे असते. मर रोगाची परीक्षाही रोगग्रस्त वाफ्यात पीक प्रत्यक्ष उभे करूनच होते.