कोफ्त्याचे कर्ज

गेल्या मे महिन्यात गागोदे बुद्रुकला आमच्या घरी एक वेगळाच बेत झाला. डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला आयकिया या स्वीडिश कंपनीचे दुकान सुरू झाले. तिथे चिकनचे गोळे खाऊन आलेल्या मुलांनी हट्ट धरला, की अस्सल स्वीडिश गोळे घरीच करायचे.

स्वीडनमध्ये गाईच्या मांसात बहुधा डुकराचे मांस मिसळतात. ते आमच्या दस्तरखानावर येणे नाही. आम्ही अर्धा किलो बकऱ्याचा खिमा घेतला. दुधात भिजवलेला पावाचा चुरा, बारीक कांदा, एक अंडे, मीठ आणि पांढरी मिरी घालून तो मळला, लिंबाहून लहान गोळे वळले आणि लोण्यात परतले. त्याच भांड्यात थोडा मैदा, मटणाचे पाणी व साय घालून रस्सा केला. सोबत उकडलेले बटाटे. तिकडे लिंगॉनबेरी या आंबट रानफळाचा मुरंबा देतात. आम्ही करवंदांचा केला. ताट पाहून मोठ्या खाला म्हणाल्या, "अगं, हे तर आपले कोफ्तेच! नुसता मसाला विसरलाय."

खालांचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. 'कोफ्ता' हा शब्द फारसी 'कोफ्तन', म्हणजे कुटणे, यावरून आला. १२२६ साली बगदादला लिहिलेल्या अल-बगदादीच्या पाकग्रंथात मांसाचे गोळे आहेत. तोच शब्द तुर्कांकडे 'कोफ्ते' झाला.

आता स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स पाहा. १७०९ साली पोल्टाव्हा येथे रशियाच्या पीटरने त्याचा पराभव केला. तो उस्मानी सुलतानाच्या आश्रयाला गेला आणि बेंदेरजवळ त्याने काही वर्षे तळ ठोकला. पाहुणचार लांबला, कर्ज वाढले, १७१३ मध्ये यजमान आणि पाहुणे यांच्यात लढाईच जुंपली. तिला स्वीडिश लोक 'कलाबलिक' म्हणतात. हा शब्द तुर्की. त्याच्या मुळाशी अरबी 'गलबा' आहे. १७१४ साली राजा परतला आणि सावकार वसुलीसाठी मागोमाग स्वीडनला पोहोचले.

एप्रिल २०१८ मध्ये स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्याने जाहीर केले, की आमचे गोळे चार्ल्सने तुर्कस्तानातून आणलेल्या कृतीवर आधारलेले आहेत. तुर्कांना आनंद झाला, कित्येक स्वीडिशांना वाईट वाटले. आम्हांलाही क्षणभर वाटले, पाहा, आमचेच निघाले!

पण इतिहास असा मोहाने लिहू नये. राजाने ही कृती आणल्याचा समकालीन पुरावा नाही. अठराव्या शतकातल्या काइसा वार्ग या बाईंच्या पाकपुस्तकात गोळे आहेत आणि डोल्माही आहे. द्राक्षाच्या पानाऐवजी कोबीचे पान वापरून केलेल्या डोल्म्याचे तुर्की नाव स्वीडनने आजही टाकलेले नाही. ते कर्ज स्पष्ट आहे. गोळ्यांचे केवळ संभाव्य. मांस कुटून गोळे वळणे अनेकांना आपापले सुचू शकते.

हा विवेक आपल्याकडे दोन्ही बाजूंना हवा. बर्फी, पुलाव हे शब्द फारसीतून आले म्हणून ते पदार्थ परके ठरत नाहीत. ते खाणाऱ्या मराठी मुसलमानाला 'तुम्ही मूळचे कुठले?' असे विचारणे तर त्याहून चुकीचे. मात्र प्रत्येक चांगल्या गोष्टीवर आपलाच शिक्का मारण्याची आपली खोडही तितकीच पोकळ आहे.

याच गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भाव्यांचा जन्म झाला. ते शाकाहारी, आमच्या ताटाशी त्यांचा संबंध नाही. पण ते अरबी शिकले, त्यांनी कुरआनचा अभ्यास केला, निवडक आयतींचे 'कुराण-सार' सिद्ध केले. घेतले ते कष्टाने घेतले आणि कुठून घेतले ते लपवले नाही.

मुलांनी शेवटी विचारले, मग हे गोळे स्वीडिश की आपले? आम्ही म्हटले, कृती स्वीडिश, करवंदे गागोद्याची. नावाचे काय ते खालांना विचारा.