फ्रीझरमधला बर्फ आणि आमचं उलथनं

आजचा विषय ऐकून काहीजणींना हसू येईल. फ्रीझरमध्ये साठणारा बर्फ आणि तो काढायच्या रीती, असा तो विषय. पण याच बर्फापायी आमच्या गटाचा एक अख्खा हंगाम वाया गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे आमच्या हातून एका बाईवर अन्याय झाला. म्हणून हे सांगायचं.

काही वर्षांपूर्वी आम्ही बचत गटाच्या कर्जातून एक जुना, वरून झाकण उघडणारा डीप फ्रीझर घेतला. जांभळाचा, करवंदाचा गर काढायचा, पिशव्या भरून गोठवायच्या आणि वर्षभर सरबतवाल्यांना द्यायचा, असा बेत होता. आषाढ सरेपर्यंत आतल्या भिंतींवर चार बोटं बर्फ चढला. झाकण नीट बसेना. गटातल्या एका काकींनी उलथनं घेतलं आणि बर्फ खरवडायला सुरुवात केली. थोड्या वेळानं फुस्स असा आवाज आला. भिंतीच्या पत्र्याला चिकटून आत जी नळी असते, ती फुटली होती. गॅस गेला, दोन दिवसांत गर आंबला. मासिक बैठकीत आम्ही ठराव केला, की दुरुस्तीचा निम्मा खर्च काकींनी भरायचा. त्यांनी एक शब्द न बोलता तीन हप्ते भरले.

नंतर एका प्रशिक्षणात आम्हाला या यंत्राचा इतिहास आणि कारभार समजला, तेव्हा मान खाली गेली. तो इतिहासच आज थोडक्यात सांगतो.

आपल्या कोल्हापूरला थंडाव्याची गरज फारशी नव्हती. दूध टिकवायचं कसं, यावर आपलं उत्तर होतं दूध कट्टा. गंगावेशीत म्हैस समोर उभी, धार काढली, फेसाळता पेला हातात. साठवायचा प्रश्नच नाही. पण फळ, मासे, आइस्क्रीम यांना बर्फ लागतोच. तिकडं मुंबईत 1834 साली बर्फ आला तो अमेरिकेतून! बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी तिथल्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून जहाजानं पाठवायचा. आदल्या वर्षी कोलकात्याला पोचला, मग मुंबईला. तो ठेवायला बर्फघरं बांधली गेली. चेन्नईचं तसलं एक बर्फघर आजही उभं आहे.

योगायोग बघा, त्याच 1834 साली लंडनमध्ये जेकब पर्किन्सनं थंडी तयार करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. आजचा फ्रीज त्याच तत्त्वावर चालतो. नळीतला द्रव आत उकळून वायू होतो आणि उकळताना आतली उष्णता शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून बाहेरच्या नळ्यांत ढकलतो, तिथं तो उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो. फ्रीजच्या मागं हात लावला तर गरम लागतं, ती आतूनच काढलेली उष्णता. आपल्या देशात गोदरेजनं 1958 साली फ्रीज बनवायला घेतले, तेव्हापासून तो हळूहळू मध्यमवर्गाच्या घरात आला. मोठे फ्रीझर आइस्क्रीमच्या दुकानांत, हॉटेलांत, डेअऱ्यांत आले.

पण यंत्राबरोबर एक दुखणंही आलं. झाकण उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते. त्यातली वाफ सगळ्यात थंड जागी, म्हणजे नळीवर, जाऊन गोठते. हा भुसभुशीत बर्फ हवेनं भरलेला असतो. नळीवर जणू वाकळ पांघरल्यासारखं होतं. थंडी आत पोचत नाही, कॉम्प्रेसर थांबत नाही, बिल वाढतं आणि माल मऊ पडतो. म्हणजे बर्फ जास्त दिसला की थंडी जास्त, हा आपला समज अगदी उलटा! कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर हवेला पाणीच सुटलेलं असतं, म्हणून आषाढ-श्रावणात हा बर्फ झपाट्यानं वाढतो.

तो काढायची सर्वांत जुनी रीत म्हणजे हातानं. माल दुसरीकडं हलवायचा, बटण बंद करायचं, झाकण उघडं ठेवायचं, तळाचं बूच काढून पाणी वाहू द्यायचं. हवं तर आत कोमट पाण्याचं पातेलं ठेवायचं. अर्धा सेंटीमीटर बर्फ चढला की हे करावं. आडव्या फ्रीझरला आजही बहुधा हीच रीत आहे. धारदार काही लावायचं नाही.

दुसरी रीत दुकानातल्या काचेच्या दाराच्या कुलरची. त्यात थंडी शून्याच्या वर, साधारण 2 ते 5 अंश असते. कॉम्प्रेसर अधूनमधून थांबतो, पंखा मात्र फिरत राहतो. आतली हवाच शून्याच्या वर असल्यामुळं तिच्या वाऱ्यानंच नळीवरचा बर्फ वितळतो. वेगळी वीज लागत नाही.

उणे 18 अंशांच्या फ्रीझरला हे चालत नाही, कारण आतली हवाच गोठवणारी. मग नळ्यांजवळ विजेचा हीटर बसवू लागले. घड्याळ लावलेलं असतं. दिवसातून काही वेळा कॉम्प्रेसर आणि पंखा थांबतात, हीटर पेटतो, 20 ते 30 मिनिटांत बर्फाचं पाणी होऊन नळीवाटे बाहेर जातं. पंखा थांबतो, म्हणजे गरम हवा मालावर जात नाही. पुढं यात सुधारणा झाली. घड्याळाऐवजी नळीवर खरंच बर्फ आहे का हे बघून हीटर लावणारी यंत्रं आली, त्यामुळं वीज वाचते.

मोठ्या शीतगृहांची रीत आम्हाला फार आवडली. तिथं कॉम्प्रेसरमधून निघालेला गरम वायूच उलट थंड नळीत सोडतात. नळी आतून तापते आणि बर्फ गळून पडतो. त्यासाठी उष्णता येते कुठून? बाकीच्या खोल्यांतल्या नळ्यांनी शोषलेली. एक नळी विसावते तेव्हा बाकीच्या राबतात, अगदी गटासारखं. काही ठिकाणी थंड नळ्यांवर सरळ पाण्याचा फवारा मारूनही बर्फ काढतात.

आणि गंमत म्हणजे, हाच बर्फ काही ठिकाणी मुद्दाम जमवतात. 1963 साली आपल्या जिल्ह्यात गोकुळ दूध संघ सुरू झाला आणि दूध कट्ट्यापलीकडं लांबच्या गावाला पाठवायची वेळ आली. दूध पटकन 4 अंशांवर आणावं लागतं. अशा कामासाठी दूध शीतकरणात एक जुनी पद्धत आहे, तिला बर्फपेढी म्हणावं. टाकीतल्या पाण्यात नळ्यांवर तासन्‌तास बर्फ चढू देतात आणि दूध आलं की त्या गार पाण्यानं ते थंड करतात. एकीकडं शत्रू, दुसरीकडं साठवलेली पुंजी.

आता वीज जाते तेव्हाचं. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत बर्फ आपोआप वितळायचा आणि बायका म्हणायच्या, बरं झालं, फ्रीझर साफ झाला. तसं नाही. मालही वितळतो, पुन्हा गोठला की त्यात मोठे खडे होतात, चव जाते, आणि जंतूही वाढलेले असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेला पूर आला, तेव्हा कितीतरी गावांत दिवस-दिवस वीज नव्हती. अशा वेळी झाकण उघडायचंच नाही. गच्च भरलेला फ्रीझर बंद राहिला तर दोनेक दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एकच दिवस. पूर्ण वितळलेला गर पुन्हा गोठवून विकू नये.

आणखी एक. आताच्या बऱ्याच फ्रीझरमध्ये पेट घेणारा गॅस असतो. यंत्राच्या मागं ज्वाळेचं चित्र असलेला कागद चिकटवलेला असतो, तो बघा. नळी फुटली तर नुसता गरच नाही, जीवही धोक्यात येऊ शकतो.

हे सगळं शिकून आलो आणि पहिली बैठक बोलावली. लंडनपासून विक्रोळीपर्यंत दीडशे-पावणेदोनशे वर्षं माणसं या बर्फाशी झगडली, पण आमच्या काकींना एकानंही दोन ओळी सांगितल्या नव्हत्या. ना विकणाऱ्यानं, ना आम्ही. चूक त्यांच्या एकटीच्या हातची नव्हती. ठराव मागं घेतला, तिन्ही हप्ते परत केले. काकी एवढंच म्हणाल्या, "पैशाचं ऱ्हाऊ दे गं, आधी मला ते बूच कुठं असतंय ते दाव."

आज फ्रीझरची वही त्याच सांभाळतात. बर्फ कधी काढला, पारा किती होता, सगळं तारखेसह. बुचाच्या शेजारी त्यांनी लाल रंगानं खूण केली आहे. उलथनं मात्र चुलीपाशीच असतं.

तुमच्या गटात फ्रीझर असेल तर उद्याच बर्फ किती चढलाय ते बघा, आणि जी बाई तो हाताळते तिला हे सगळं नीट समजावून सांगा.