१८५० चा भाव ८२६ होऊ नये म्हणून

मागच्या कांद्याच्या सीझनला घोडेगावात एका आडतदाराच्या दुकानात सर्व्हरची रॅम वाढवायला गेलो होतो. लिलाव झाला, की शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या त्याच मशीनवर निघतात. जुन्या १६ जीबीच्या शेजारी नवी १६ जीबीची पट्टी बसवली. मशीन सुरू झालं. निघता निघता सहज लॉग उघडला, तर ओळीमागून ओळ तीच: मेमरीत चूक सापडली, दुरुस्त केली.

शेठ म्हणाले, "चालतंय ना? मग राहू दे की."

चालत होतं, हे खरं. पण कशाच्या जोरावर? त्यासाठी जरा मागं जाऊ.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली आपल्याकडे बांधलेला कॉम्प्युटर सुरू झाला. पुढं त्याचं नाव पडलं टिफ्रॅक. त्याची मेमरी म्हणजे फेराइटच्या बारीक चुंबकी कड्या, एका कडीत एक बिट. ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे सगळी मिळून १० केबी! तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

त्याआधीच अमेरिकेत बेल लॅब्समध्ये रिचर्ड हॅमिंग वैतागले होते. शनिवार-रविवारी ते मशीनला गणित लावून जायचे. मशीनला चूक कळायची, पण ते गणित सोडून पुढच्या कामाला लागायचं. सोमवारी हाती भोपळा! चूक झाली हे कळतं, तर कुठं झाली हे का कळू नये? या प्रश्नाचं उत्तर त्यांनी १९५० साली छापलं. माहितीच्या बिटांसोबत काही तपासणीचे बिट ठेवायचे; त्यांच्यावरून चुकलेला बिट नेमका सापडतो.

सर्व्हरची ईसीसी रॅम याच कल्पनेवर चालते. ६४ बिटांमागं ८ राखणदार. एक बिट उलटला तर दुरुस्त होतो. दोन उलटले तर फक्त कळतं, आणि बहुतेक वेळा मशीन तिथंच बंद पडतं. एखादी चूक चांगल्या रॅममध्येही होते. पण सारख्या चुका म्हणजे गाडी स्टेपनीवर चाललीय.

शेठना कागदावर दाखवलं. क्विंटलला १८५० भाव. मशीनच्या आकड्यात त्यातला १०२४ चा एकच बिट शून्य झाला, की उरतात ८२६. राखणदार नसते, तर असा आकडा गुपचूप पट्टीवर छापला गेला असता. नुकसान कुणाचं? पहाटे गोण्या भरून आलेल्या शेतकऱ्याचं. शेठ गप्प झाले.

मग मशीन बंद केलं, वायर काढली आणि दोन्ही पट्ट्यांची फक्त जागा बदलली. बाकी कशाला हात लावला नाही. चूक जुन्याच स्लॉटवर राहिली, तर स्लॉटवर संशय. पट्टीसोबत सरकली, तर पट्टी खराब. चूक सरकली. नवी पट्टी काढून परत पाठवली.

त्या लिलावाला जुन्या १६ जीबीवरच काम भागवलं. हिशोब हळू निघाले, लोक कुरकुरले. पण लॉग कोरा होता.

तुम्हीही रॅम वाढवाल, तेव्हा मशीन सुरू झालं म्हणून लगेच निघू नका. लॉग बघा. भेटू पुढच्या भागात!