राजनिष्ठांच्या वंशावळी

इ. स. १७८३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २५ व्या तारखेस इंग्रजांची फौज न्यूयॉर्क शहर सोडून जहाजांवर चढली. अमेरिकेंतील तेरा वसाहती हातच्या गेल्या होत्या, आणि पॅरिस येथें सप्टेंबरांतच तहावर सह्या झाल्या होत्या. ज्या लॉर्ड कॉर्नवॉलिसनें १७८१ सालीं यॉर्कटाऊन येथें शस्त्रें खालीं ठेविलीं, तोच पांच वर्षांनीं गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानांत आला आणि पुढें मराठ्यांचा दोस्त म्हणून टिपूच्या श्रीरंगपट्टणावर चालून गेला, हें वाचकांस ठाऊक आहेच. पडलेल्या सेनापतीस अशी दुसरी संधि मिळते. त्याच्या बाजूनें उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यास किंवा सुतारास ती कोठून मिळणार? नव्या राज्यांनीं या लोकांच्या जमिनी जप्त केल्या, कित्येकांस हद्दपार केलें. कांहींच्या अंगास डांबर फांसून, वर पिसें चिकटवून, जमावानें त्यांची गांवांतून धिंड काढली. तहांत त्यांच्याविषयीं एक कलम होतें खरें. पण त्यांत इतकेंच म्हटलें होतें कीं, जप्त मालमत्ता परत करण्याबद्दल काँग्रेस राज्यांकडे शिफारस करील. अशा शिफारशीचें काय होतें हें आम्ही सांगावयास नको. सुमारें ६०,००० माणसें देश सोडून निघालीं. त्यांपैकीं ३०,००० हून अधिक नोव्हा स्कोशियाकडे गेलीं, आणि त्यांच्या गर्दीमुळें १७८४ सालीं न्यू ब्रन्सविक हा निराळा प्रांत काढावा लागला. कांहीं हजार लोक क्वेबेक प्रांतांत शिरले, आणि त्यांच्यासाठीं १७९१ सालीं अपर कॅनडा, म्हणजे आजचा ऑन्टेरिओ, वेगळा झाला. इतिहासांत राजनिष्ठ म्हणून ज्यांचा उल्लेख येतो ते हे.

त्यांच्या निष्ठेचा गौरव करणें किंवा त्यांस देशद्रोही ठरविणें हा आमचा आजचा विषय नव्हे. तीं दोन्ही कामें दोन देशांतील ग्रंथकारांनीं भरपूर केलीं आहेत. आम्हांस पाहावयाचें आहे तें त्यांच्या वंशावळींकडे. आपण अमुक राजनिष्ठाचे वंशज आहों, हें सिद्ध करण्याची हौस कॅनडांत फार जुनी. १८९६ च्या सुमारास या वंशजांच्या संघटना उभ्या राहूं लागल्या. १९१४ सालीं त्यांच्या मध्यवर्ती संस्थेस पार्लमेंटच्या कायद्यानें मान्यता मिळाली. आणि पिढीमागून पिढी कागदोपत्रीं जोडून दाखविणारास ती संस्था आजहि प्रमाणपत्र देते. सात-आठ पिढ्यांचा दुवा थेट एखाद्या राजापर्यंत जुळविणारे भाट सर्वत्र आहेत. येथें तो दुवा रानांत झोंपडी बांधून राहिलेल्या, सहीच्या जागीं फुली करणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पुराव्यानिशीं जुळतो, हें नवल आहे. या नवलाचें मूळ शोधूं गेलें असतां तें कुलाभिमानांत सांपडत नाहीं. जमिनीच्या वाटपांत सांपडतें.

क्वेबेकचा गव्हर्नर हॅल्डिमंड हा मूळचा स्वित्झर्लंडचा. त्याला १७८३ सालीं विलायतेहून हुकूम आला कीं, कुटुंबाच्या मुख्यास १०० एकर व घरांतील प्रत्येक माणसामागें आणखी ५० एकर जमीन द्यावी. तेव्हां घरांत माणसें किती, हा प्रश्न प्रथमच सरकारच्या दृष्टीनें महत्त्वाचा झाला. त्यापूर्वीं हे निर्वासित सोरेल, माशीश इत्यादि छावण्यांत सरकारी शिध्यावर दिवस काढीत होते. त्या शिध्याच्या याद्याहि अशाच, कुटुंबवार. हॅल्डिमंडचे हे सारे कागद आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. पीठ आणि खारें मांस मोजून देणाऱ्या कारकुनांना आपण वंशावळी लिहीत आहों याची कल्पनाहि नसेल! १७८४ च्या उन्हाळ्यांत हीं कुटुंबें होड्यांतून सेंट लॉरेन्स नदीच्या वरच्या अंगास गेलीं. तेथें चिठ्ठ्या टाकून जमिनीचे तुकडे वांटले गेले. मात्र गांवें लावतांना कॅथॉलिक हायलँडर एकीकडे, प्रेस्बिटेरियन स्कॉच दुसरीकडे, जर्मन कॅल्व्हिनपंथी व जर्मन ल्यूथरपंथी आपापल्या जागीं, असा क्रम ठेविला होता. राजनिष्ठ म्हणजे सारे अस्सल इंग्रज, ही समजूत या एका गोष्टीवरूनच ढांसळते.

वंशावळीला खरा जन्म दिला तो हॅल्डिमंडच्या मागून आलेल्या लॉर्ड डॉर्चेस्टरनें. सर गाय कार्लटन या नांवानें न्यूयॉर्क खालीं करून देणारा तो हाच. १७८९ च्या नोव्हेंबरच्या ९ व्या तारखेस क्वेबेक येथें त्यानें असा ठराव केला कीं, १७८३ च्या तहापूर्वीं जे राजाच्या निशाणाखालीं आले, त्यांच्या घराण्यांना एक मानचिन्ह असावें. त्यांच्या नांवांची नोंद ठेवावी. आणि त्यांच्या मुलग्यांस वयांत आल्यावर व मुलींस वयांत आल्यावर किंवा लग्न झाल्यावर २०० एकर जमीन द्यावी. साम्राज्याच्या एकीचें द्योतक म्हणून 'यू. ई.' हीं दोन अक्षरें त्यांच्या व त्यांच्या वंशजांच्या नांवापुढें आलीं. मान पोकळ नव्हता; त्याच्या पाठीशीं २०० एकरांचें रान होतें. आणि 'मुलींस' या एका शब्दानें पुढच्या संशोधकांवर केवढे उपकार केले आहेत! त्या काळीं अपर कॅनडांत विवाह लावण्याचा अधिकार फार थोड्यांस असे. १७९३ व १७९८ च्या कायद्यांनीं तो हळूहळू वाढविला, तरी मेथडिस्टांसारख्या पंथांच्या उपदेशकांस तो १८३१ पर्यंत मिळाला नाहीं. जन्म, मृत्यु व विवाह यांची सरकारी नोंद तर तेथें १८६९ सालीं सुरू झाली. अशा स्थितींत लग्न होऊन नांव बदललेली स्त्री कागदांतून नाहींशीच व्हावयाची. परंतु ती जमिनीसाठीं अर्ज करी. त्यांत आपण अमुक राजनिष्ठाची मुलगी व तमुक गांवच्या तमक्याची बायको, असें लिहून देई. आणि स्थानिक न्यायाधीश ती तीच असल्याचा दाखला जोडी. ओटावाच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांतील या अर्जांची छायाचित्रें आतां घरबसल्या वाचतां येतात.

जेथें जमीन आहे तेथें लबाडीहि आहे. १७९२ पासून सिम्को या लेफ्टनंट गव्हर्नरानें अमेरिकेंतील शेतकऱ्यांस अपर कॅनडांत येऊन वसण्याचें आमंत्रण दिलें. युद्ध संपून दहा वर्षें झाल्यावर कोणाच्या मनांत राजनिष्ठा उगवली आणि कोणाच्या मनांत केवळ फुकटची जमीन, हें कसें ओळखावें? १७९६ सालीं शपथेवर नोंद घेण्याचें ठरलें. पुढें कित्येक नांवें यादींतून खोडलीं गेलीं, आणि १८८५ सालीं छापून निघालेल्या जुन्या यादींत तीं खोडल्याच्या शेऱ्यांसह पाहावयास मिळतात. आमच्या मतें त्या यादींतील सर्वांत प्रामाणिक भाग हाच! शिवाय, मिळालेली जमीन पाहावयासहि न जातां पुष्कळ मुलांनीं आपला हक्क विकून टाकला. १८३९ च्या लॉर्ड डरहॅमच्या अहवालासाठीं झालेल्या चौकशींत त्या २०० एकरांची किंमत एक गॅलन रमपासून फार तर सहा पौंडांपर्यंत असल्याचें सांगितलें गेलें. म्हणून एखाद्या गांवच्या सनदेवर पूर्वजाचें नांव आढळलें, एवढ्यावरून त्यानें तेथें नांगर धरला असें मानूं नये. कदाचित् तो दूर कोठें तरी बसून ती रम प्याला असेल.

गमावलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठीं पार्लमेंटनें १७८३ सालीं एक कमिशन नेमलें. कॅनडाच्या रानांत मुदतीची बातमीच वेळेवर पोंचली नाहीं, तेव्हां टॉमस डंडास व जेरेमी पेंबर्टन यांस १७८५ मध्यें तिकडे पाठविण्यांत आलें. यॉर्कटाऊनच्या शरणागतीचीं कलमें ठरवावयास इंग्रजांच्या बाजूनें जे दोघे बसले होते, त्यांपैकीं एक हा डंडास. त्यानें आतां हॅलिफॅक्स, सेंट जॉन, मॉन्ट्रिऑल येथें बसून त्या पराजयाचा हिशेब एकेका कुटुंबाच्या तोंडून ऐकावा, यांत दैवाची थट्टा आहे. एकंदर ३,२२५ दावे आले, २,२९१ मंजूर झाले, आणि सुमारें तीस लाख पौंड वांटले गेले. कॅनडांतील साक्षी १९०५ सालीं ऑन्टेरिओच्या दप्तरखात्यानें छापल्या आहेत. त्या वाचूं लागावें तों गाई, घोडे, उभें पीक, कुळानें केलेली थोडीशी जमीन, यांचीच नांवें पुढें येतात. १८८४ च्या शतसांवत्सरिक उत्सवांत वक्त्यांनीं या लोकांना वाडेहुडे सोडून आलेले सरदार बनविलें. त्यांच्या नातवांस आजोबांची गरिबी नको होती, निष्ठा तेवढी हवी होती. पण भरपाईच्या दाव्यांत मालमत्ता कमी करून सांगण्याचें कोणास कांहींच कारण नसतें, आणि तेथेंच ही गरिबी लिहून ठेविलेली आहे.

नांवांचा घोंटाळा निराळाच. न्यू जर्सींतील एका जुन्या डच घराण्यांतील सॅम्युएल व जोसेफ हे दोघे सख्खे भाऊ राजाच्या पलटणींत शिरले. सॅम्युएलच्या सनदेंत लिहिणारानें 'रायर्सन' ऐवजीं 'रायर्स' लिहिलें, आणि तेंच कायम झालें. दोघे प्रथम न्यू ब्रन्सविकला गेले, तेथून ईरी सरोवराच्या कांठीं लाँग पॉइंट येथें आले. शेजारीं शेजारीं राहिले. आणि एका बापाच्या दोन मुलांचीं दोन आडनांवें झालीं. जोसेफचा मुलगा एगर्टन रायर्सन (जन्म १८०३) हा ऑन्टेरिओच्या शिक्षणखात्याचा प्रसिद्ध अधिकारी. त्यानें १८८० सालीं राजनिष्ठांचा द्विखंडी इतिहास लिहिला, आणि सॅम्युएलची मुलगी अमेलिया हॅरिस हिच्या आठवणी त्यांत घातल्या. केवळ आडनांवावरून जाणाऱ्या संशोधकास हीं चुलत भावंडें आहेत याचा पत्ताहि लागला नसता.

बेनेडिक्ट आर्नल्डचें नांव येथें टाळतां येत नाहीं. वॉशिंग्टनचा पक्ष सोडून इंग्रजांस मिळालेला हा सेनापति कांहीं वर्षें न्यू ब्रन्सविकमध्यें सेंट जॉन येथें व्यापार करीत होता, आणि तेथील राजनिष्ठांनींहि त्याचा पुतळा जाळला. त्याचे दोन मुलगे अपर कॅनडांत स्थायिक झाले, दोन कंपनी सरकारच्या बंगालच्या फौजेंत आले. १८०० सालच्या त्याच्या मृत्युपत्रांत आणखी एक नांव आहे, जॉन सेज. हा सुमारें चौदा वर्षांचा मुलगा आपल्या मुलांजवळ कॅनडांत राहतो, असें सांगून आर्नल्डनें सरकारकडून मिळालेल्या १३,४०० एकरांतील १,२०० एकर त्याच्या नांवें केले. तो कोणाचा मुलगा, हा शब्द मात्र लिहिला नाहीं. चरित्रकार त्याला आर्नल्डचा अनौरस पुत्र मानतात. वंशावळ त्याला जमिनीच्या आंकड्यावरून ओळखते.

मोहॉक लोक हेहि राजनिष्ठच. जोसेफ ब्रँट याच्या पुढारीपणाखालीं त्यांनीं राजाच्या बाजूनें युद्ध केलें, आणि हॅल्डिमंडनें १७८४ च्या ऑक्टोबरच्या २५ व्या तारखेस ग्रँड नदीच्या दोन्ही कांठांस सहा सहा मैल रुंदीचा पट्टा त्यांस व त्यांच्या वंशजांस कायमचा म्हणून दिला. त्या पट्ट्यापैकीं आज त्यांच्याकडे अगदीं थोडा भाग उरला आहे. पण वंशज म्हणजे कोण? मोहॉकांत मूल आईच्या कुळाचें असतें. कासव, लांडगा, अस्वल यांपैकीं जें आईचें कूळ तेंच मुलाचें. जोसेफची बहीण मॉली ब्रँट हिला सर विल्यम जॉन्सनपासून झालेलीं मुलें इंग्रजांच्या हिशेबानें अनौरस. मोहॉकांच्या हिशेबानें तीं पूर्ण कुलीन, कारण त्यांची आई मॉली होती. पुढें १८७६ च्या इंडियन कायद्यानें बापाकडून वंश मोजण्याची रीत या लोकांवर लादली, आणि परक्या पुरुषाशीं लग्न करणारी स्त्री व तिचीं मुलें आपल्या जमातींतून कायद्यानें बाहेर पडूं लागलीं. ही तरतूद १९८५ पर्यंत टिकली. वरील राजनिष्ठ गोऱ्याच्या मुलीस लग्न झाल्यावर २०० एकर मिळत. मोहॉक राजनिष्ठाच्या पणतीस लग्न झाल्यावर होतें तेंहि गमवावें लागे.

राहतां राहिले कृष्णवर्णी लोक. गोऱ्या राजनिष्ठांपैकीं अनेकांनीं आपले गुलाम बरोबर आणले. १७९० च्या ब्रिटिश कायद्यानें वसाहतींत येणाऱ्यांस जकातीवांचून आणतां येणाऱ्या वस्तूंची यादी दिली, तींत घरसामान, शेतीचीं अवजारें व कपडे यांच्याबरोबर नीग्रोहि आहेत. हजेरीपटांवर हे लोक बहुधा 'नोकर' या एका शब्दाखालीं, नांवावांचून दडलेले असतात. परंतु बंडखोर मालकांस सोडून इंग्रजांकडे येईल त्याला मुक्त करूं, असें वचन युद्धकाळीं दिलें गेलें होतें, आणि त्यावर विश्वासून हजारों गुलाम पळून आले. तहांत तर त्यांना नेऊं नये असें कलम होतें. १७८३ च्या मे महिन्यांत वॉशिंग्टननें कार्लटनची गांठ घेऊन हें कलम पुढें केलें. तो स्वतःचेहि पळालेले गुलाम शोधीत होता. कार्लटननें उत्तर दिलें कीं, दिलेलें वचन मोडतां येत नाहीं; मात्र पुढेंमागें मालकांस भरपाई द्यावी लागल्यास सोय असावी म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेविली आहे. हीच 'बुक ऑफ नीग्रोज' नांवाची नोंदवही. तींत सुमारें ३,००० माणसांचें नांव, वय, अंगावरची खूण, जहाज आणि पूर्वीचा मालक लिहिलेला आहे. आईबापांचा रकाना नाहीं. मालमत्तेची किंमत ठरवितांना त्याची जरुरी नव्हती.

या वहींत हॅरी वॉशिंग्टन नांवाचा ४३ वर्षांचा एक माणूस आहे. मालक म्हणून जनरल वॉशिंग्टनचें नांव असून, सात वर्षांपूर्वीं त्याला सोडून आल्याची नोंद आहे. हॅरी मूळचा आफ्रिकेंतला. १७६३ सालीं वॉशिंग्टननें त्याला विकत घेतलें होतें. आडनांव तेंच त्याच्याबरोबर नोव्हा स्कोशियांतील बर्चटाऊनला गेलें, आणि तेथील १७८४ च्या पटावर तो जेनी नांवाच्या बायकोसह आढळतो. बर्चटाऊनच्या लोकांस कबूल केलेली जमीन पुष्कळांस मिळालीच नाहीं, मिळाली ती खडकाळ. १७९२ च्या जानेवारींत सुमारें १,२०० कृष्णवर्णी राजनिष्ठ पंधरा जहाजांतून हॅलिफॅक्स सोडून सिएरा लिओनला निघाले. त्यांत हॅरी होता. तेथें कंपनीनें जमिनीवर खंड मागितला, तेव्हां १८०० सालीं वसाहतवाल्यांनीं बंड केलें. जॉर्ज वॉशिंग्टन नुकताच, १७९९ च्या डिसेंबरांत, वारला होता. बंड मोडलें, हॅरीस पकडून नदीपलीकडे बुलमच्या किनाऱ्यावर हद्दपार करण्यांत आलें, आणि तेथें जमलेल्या हद्दपारांनीं त्याला आपला पुढारी निवडलें.