त्रिशंकू म्हणजे नेमकं काय?

निकालाच्या दिवशी कोणालाच बहुमत मिळालं नाही की सगळीकडे एकच शब्द फिरतो: ‘त्रिशंकू’. नोकरीचं पत्र आलं पण रुजू करून घेत नाहीत, अशा वेळीही तोच शब्द वापरला जातो. पण अडकलेलं सगळंच त्रिशंकू नसतं.

हा मुळात एका राजाचा शब्द आहे. इक्ष्वाकू कुळातला त्रिशंकू, म्हणजे पंचवटीत ज्याच्या नावाने काळाराम मंदिर उभं आहे त्या रामाचा पूर्वज. रामायणाच्या बालकांडात ही कथा शतानंद रामालाच सांगतात. त्रिशंकूला सदेह स्वर्गात जायचं होतं. वसिष्ठांनी नकार दिला. मग विश्वामित्रांनी यज्ञ करून त्याला वर पाठवलं. इंद्राने त्याला खाली ढकललं, विश्वामित्रांनी ‘थांब’ म्हणून अडवलं, आणि राजा डोकं खाली, पाय वर असा मध्येच लटकला. नावाची उकल हरिवंशात मिळते. तिथे हा राजपुत्र सत्यव्रत आहे आणि त्याच्या तीन अपराधांमुळे, म्हणजे तीन ‘शंकूं’मुळे, त्याला हे नाव पडलं.

या गोष्टीत शब्दाचा अर्थ लपला आहे. वरचा घेत नाही, खालचा पडू देत नाही, आणि लटकलेल्याच्या हातात काहीच नाही. ‘तळ्यात-मळ्यात’ वेगळं, तिथे निर्णय स्वतःचा असतो, फक्त होत नसतो. ‘उंबरठ्यावर’ असलेला आता आत जाणार असतो. ‘अधांतरी’ गोष्टीला आधार नसतो, पण तिला कोणी अडवलेलं असेलच असं नाही.

राजकारणातलं नाशिकचं उदाहरण बघा. २०१२ च्या महापालिका निवडणुकीत १२२ जागांपैकी सर्वाधिक ४० मनसेला मिळाल्या. बहुमताला ६२ लागत होत्या. हे खरं त्रिशंकू सभागृह. भाजपच्या साथीने मनसेचा महापौर झाला. २०१७ मध्ये भाजपने ६६ जागा जिंकल्या आणि तो प्रश्नच उरला नाही. मार्च २०२२ मध्ये मुदत संपून प्रशासक आला, त्यालाही काही जण त्रिशंकू अवस्था म्हणत. ते बरोबर नाही. सभागृहच नसेल तर त्रिशंकू काय असणार?

सगळ्यात जास्त झळ लागते ती ‘त्रिशंकू भागा’त राहणाऱ्यांना. शहराला लागून असलेली पण पालिकेच्या हद्दीत नसलेली, आणि कोणत्याच ग्रामपंचायतीत न बसणारी वस्ती म्हणजे त्रिशंकू भाग. गावाची नगरपालिका होताना किंवा हद्दीची रेघ ओढताना असे तुकडे बाहेर राहतात. मग गटार तुंबलं तर अर्ज कोणाकडे द्यायचा? नगरसेवक नाही, सरपंचही नाही. शेजारच्या गल्लीत नळाला पाणी येतं आणि इथे टँकरची वाट बघायची. साताऱ्याभोवतीचा असा भाग २०२० च्या हद्दवाढीत नगरपालिकेत आला. नाशिकजवळचा देवळाली कॅम्प महापालिकेत नाही, तरी त्रिशंकू नाही. त्याची स्वतःची छावणी परिषद आहे.

लिहिताना शेवटचा ‘कू’ दीर्घ: त्रिशंकू. तत्सम शब्द समासात पहिला आला तर मात्र ऱ्हस्व, म्हणजे ‘त्रिशंकुवत’ किंवा ‘त्रिशंकुसमान’.

आणि मूळ त्रिशंकू बघायचाच असेल तर तो आकाशात आहे. दक्षिणेकडच्या चार ठळक ताऱ्यांच्या क्रूसासारख्या समूहाला मराठीत हेच नाव आहे. मेच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास नाशिकच्या मोकळ्या माळावरून तो क्षितिजापासून जेमतेम सात ते तेरा अंश वर दिसतो. दक्षिणेला डोंगर किंवा इमारत नको.