पेण हेलिकॉप्टर घटना, २०१९

रायगड जिल्ह्यातील पेण येथे ११ ऑक्टोबर २०१९ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हेलिकॉप्टरची चाके तात्पुरत्या हेलिपॅडवर उतरताना चिखलात रुतल्याची घटना. विधानसभा निवडणुकीच्या प्रचारासाठी ते आले होते. हेलिकॉप्टर किंचित घसरले. मुख्यमंत्री, त्यांचे स्वीय सहायक, एक अभियंता आणि दोन वैमानिक सुखरूप राहिले.

सभेपुरते हेलिपॅड मोकळ्या मैदानात किंवा शेतजमिनीत आखले जाते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस चालू असतो. भातखाचराची माती वरून सुकलेली दिसली तरी आत ओल धरून असते, आणि हेलिकॉप्टरचा सगळा भार मोजक्या चाकांवर येतो.

चाक रुतणे ही किरकोळ बाब नव्हे. वरचा पंखा फिरत असताना एक चाक जमिनीत अडकले, तर त्याची बिजागरी होते आणि हेलिकॉप्टर त्याच्याभोवती कलू लागते. कल एका मर्यादेपलीकडे गेला की सुकाणू उलट दिशेला दाबूनही ते सावरत नाही, कलंडते. पंख्याची उचल अलगद कमी करून भार पुन्हा जमिनीवर टेकवणे, हाच उपाय. त्याला वेळ क्षणांचाच मिळतो. पेणला हेलिकॉप्टर उभे राहिले, हे म्हणूनच नोंदण्याजोगे.

कोरड्या दिवसांत धोका धुळीचा. पंख्याच्या झोताने धूळ उठली की वैमानिकाला जमीनच दिसेनाशी होते. म्हणून हेलिपॅडवर आधी पाणी मारतात. याच जिल्ह्यात महाड येथे ३ मे २०२४ रोजी शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाच्या नेत्या सुषमा अंधारे यांना नेण्यासाठी आलेले हेलिकॉप्टर उतरताना कोसळले. त्या अजून चढल्या नव्हत्या. अपघाताच्या चित्रफितीत धुळीचा मोठा लोट दिसतो. वैमानिक बचावला.

भारतात नागरी विमाने व हेलिकॉप्टरे यांच्या अपघातांचा आणि गंभीर घटनांचा तपास २०१२ मध्ये स्थापन झालेला विमान अपघात तपास ब्युरो करतो. दोष ठरवणे हा त्याचा हेतू नसतो. पुढचा अपघात टाळणे हा असतो. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार प्राथमिक अहवाल ३० दिवसांत अपेक्षित असतो. प्राणहानी, गंभीर इजा किंवा यंत्राची मोठी मोडतोड झाली तर ‘अपघात’ ही संज्ञा लागते. नुसते चाक रुतणे तीत बसत नाही.

मात्र ही व्याख्या जमिनीला टेकताच संपत नाही. उड्डाणासाठी पहिला माणूस चढल्यापासून शेवटचा उतरेपर्यंतचा काळ तीत धरला जातो. याचे कारण नागरी नसलेल्या एका हेलिकॉप्टरच्या घटनेतून कळते: रायगडच्याच मुरूड तालुक्यात नांदगावजवळ १० मार्च २०१८ रोजी तटरक्षक दलाचे चेतक हेलिकॉप्टर तातडीने उतरवावे लागले. चौघेही कर्मचारी जिवंत होते. बाहेर पडताना फिरत्या पात्याचा घाव सहवैमानिक महिला अधिकाऱ्याच्या डोक्याला बसला. १७ दिवसांनी त्यांचे निधन झाले.